आमच्या पगारात घर किती रुपयांचं बसतं?

बँकेतल्या साहेबांनी माझी सॅलरी स्लिप पाहिली आणि लगेच म्हणाले, "मॅडम, पंचेचाळीस लाखांपर्यंत होईल." त्यांचा हिशेब सोपा होता. हातात येतात ७८,०००, त्यातला निम्मा हप्त्याला, म्हणजे ३९,०००. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी एका लाखाचा हप्ता साधारण ८६८ रुपये येतो. भागाकार केला की पंचेचाळीस लाख.

हा आकडा चुकीचा नाही. पण तो बँकेचं किती कर्ज वसूल होऊ शकतं ते सांगतो. उरलेल्या निम्म्या पगारात आमचं घर कसं चालेल, ते तो सांगत नाही. मी भोसरीच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, म्हणून घरी आल्यावर मी उलट्या टोकाने मांडणी केली.

माझा पगार तेवढाच धरला. नवऱ्याचं फोटोग्राफीचं काम लग्नसराईत जोरात आणि पावसाळ्यात बंद, त्यामुळे ते उत्पन्न हप्त्याच्या हिशेबात घ्यायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलं. मग खर्च: सोलापूरला सासूबाई-सासऱ्यांना ८,०००. किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल, फोन मिळून २३,५००. लेकीची शाळा आणि व्हॅन ७,०००. टर्म (आयुर्विमा) आणि मेडिक्लेम (आरोग्यविमा) यांचे हप्ते महिन्यावर वाटून ३,५००. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा टाकतो ती रक्कम, ५,०००, ती घरासाठी बंद करायची नाही. दिवाळी, लग्नकार्यं, गावी जाणं-येणं, आजारपण यांचे ३,५००. आणि जो खर्च आज दिसत नाही तो, नव्या सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर, २,५००. बेरीज ५३,०००. हप्त्याला उरले २५,०००.

आता हे २५,००० साडेआठ टक्क्यांनी भागले तर कर्ज जवळपास २९ लाख निघतं. मी तसं केलं नाही. माझ्या मावसभावाने २०२१ मध्ये सात टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि त्याचं व्याजही वाढलं. त्याच्या बँकेने हप्ता तोच ठेवला, मुदत मात्र इतकी लांबवली की कर्ज आता निवृत्तीच्या पलीकडे गेलंय. फ्लोटिंग, म्हणजे बदलता, दर आज आहे तोच वीस वर्षं राहील असं धरून घर घेणं मला पटत नाही. म्हणून मी दोन टक्के जास्त धरले. साडेदहा टक्क्यांना एका लाखाचा हप्ता ९९८ रुपये, म्हणजे कर्ज २५ लाख. साडेआठ टक्क्यांनी त्याचा हप्ता २१,७०० येईल, उरलेले तीन-सव्वातीन हजार मुद्दलात भरत राहायचे. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँकेला दंड लावता येत नाही, ही फार मोठी सोय आहे.

दुसरी बाजू हातातल्या पैशांची. इथेच बहुतेकांची ओढाताण होते. आमच्याकडे १६ लाख साठलेत. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क ७ टक्के. खरेदीखत फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नवऱ्याने स्वतःहूनच सांगितलं, तुझ्या एकटीच्या नावावर करू. नोंदणी फी ३०,०००. पंखे, ओटा, जाळ्या, सामान हलवणं यांना दीड लाख.

साहेबांच्या वाटेने, साठवणीत जेमतेम बसेल असा ५२ लाखांचा फ्लॅट घेतला तर कर्ज ४१.६ लाख मिळतं आणि आमच्या खिशातून सव्वापंधरा लाख जातात. साठवणीत उरतात पाऊण लाख. एखाद्याला दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर? चार लाख हलवायचेच नाहीत असं धरलं, तर बारा लाखांत आणि २५ लाखांच्या कर्जात, शुल्क, नोंदणी आणि वरचा खर्च धरून, ३३ लाखांचं घर बसतं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जीएसटी वेगळा लागतो, म्हणून शोध भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या तयार किंवा रीसेल फ्लॅटचाच.

३३ लाखांत आम्हाला हवा तो टू बीएचके मिळत नाही. वाईट वाटलं, खरंच वाटलं. रावेतचा भाग यादीतून गेला. आता मोशी-चिखलीकडे दहा-बारा वर्षं जुन्या इमारतींतले वन बीएचके बघतोय, आणि ब्रोकरला पहिल्या फोनलाच सांगते: रेरा कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ) किती, पार्किंग खरेदीखतात आहे का, आणि सगळं मिळून ३७ लाखांच्या वर एक रुपया नाही.