ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला की निवडलेल्यांसाठी?

मंडळीतली तरुण पोरं मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. निवडलेले म्हणजे देवानं तारणासाठी आधीच निवडून ठेवलेले लोक. दोन वचनं त्यांना छळतात. योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्त सर्व जगाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे असं लिहिलंय, आणि योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, मी मेंढरांसाठी आपला जीव देतो. मग खरं काय? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हा वाद फार जुना. नवव्या शतकात गोट्शाल्क नावाच्या मठवासीयानं ठासून सांगितलं की ख्रिस्ताचं रक्त निवडलेल्यांसाठीच सांडलं. ८४९ साली फ्रान्समधल्या किएर्झीच्या धर्मसभेत त्याला फटके मारले, त्याचं लिखाण त्याच्याच हातानं आगीत टाकायला लावलं आणि पुढे मरेपर्यंत मठात कोंडून ठेवलं. चार वर्षांनी तिथेच ठराव झाला की ख्रिस्त सर्वांसाठी मेला. गोट्शाल्कचं मत मला पटत नाही, ठराव पटतो. पण सर्वांसाठीच्या प्रेमाचा ठराव करणाऱ्यांनी एका माणसाची ही गत करावी, याची मला आजही लाज वाटते.

बाराव्या शतकात पीटर लोंबार्ड या धर्मपंडितानं पुढच्या सगळ्यांना पुरेल असा तोडगा काढला: ख्रिस्ताचं मरण मोलानं सर्वांना पुरेसं, पण त्याचं फळ निवडलेल्यांना. पुढची कैक शतकं बहुतेकांनी हेच धरून ठेवलं.

खरी ठिणगी पडली ती हॉलंडात. आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी १६१० साली पाच कलमं मांडली. दुसरं कलम असं, की ख्रिस्त प्रत्येक माणसासाठी मेला, क्षमा मात्र विश्वास ठेवणाऱ्यालाच मिळते. त्यावर निवाडा द्यायला नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्टला धर्मसभा बसली. डॉर्टवाल्यांनी क्रूसाचं मोल कमी केलं, असं आपल्याकडे सर्रास ऐकवलं जातं. मूळ ठराव वाचा. हे मरण अनंत मोलाचं आहे, सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरणारं आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सुवार्ता भेदभाव न करता सर्व लोकांना सांगावी, हेही आहे. भांडण पुढे आहे, आठव्या अनुच्छेदात: पुत्राला मरणाला देताना पित्याच्या मनात काय होतं? डॉर्ट म्हणालं, त्या मरणाचं तारणारं फळ निवडलेल्यांनाच मिळावं, हे.

या सभेत इंग्लंडचे जॉन डेव्हनंट आणि सॅम्युएल वॉर्ड बसले होते. दोघे निवड मानणारे, पण ख्रिस्त खरोखर सर्वांसाठी मेला आणि म्हणूनच सर्वांना बोलावता येतं, यावर अडून बसले. त्यांच्या स्वतःच्या शिष्टमंडळातही यावरून मतभेद झाले. मला या दोघांची बाजू सर्वांत जवळची वाटते. निमंत्रण सगळ्यांना आणि पानं मोजक्यांचीच मांडलेली, असं देवाच्या घरी होणार नाही.

हा पंडितांचा काथ्याकूट नव्हे, हे पुढे इंग्लंडातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांत दिसलं. अठराव्या शतकात तिथले काही उपदेशक विश्वास नसलेल्यांना 'या, विश्वास ठेवा' असं म्हणायलाच तयार नसत. निवडलेल्यांना देव आणील, आपण कोण हाक मारणार? अँड्र्यू फुलर अशाच व्यासपीठासमोर लहानाचा मोठा झाला. १७८५ साली त्यानं पुस्तक लिहून बजावलं की सुवार्ता प्रत्येकाला सांगायची आणि प्रत्येकानं ती स्वीकारायची, हे कर्तव्यच आहे. निवडीवरचा विश्वास त्यानं सोडला नाही. १७९२ साली केटरिंगला मिशनरी सोसायटी स्थापन झाली, फुलर तिचा चिटणीस. तिनं पाठवलेला विल्यम केरी पुढच्या वर्षी बंगालात उतरला आणि मराठीसुद्धा शिकला. पंडित वैजनाथांच्या मदतीनं त्याचं मराठीतलं मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ साली छापून निघालं, सबंध नवा करार १८११ साली. आपल्या भाषेत हे पुस्तक इतक्या लवकर आलं, त्यामागे या वादाचाही हात आहे.

आठवा अनुच्छेद शब्दशः मानणारे माझे मित्र आहेत. त्यांना मी आधी एवढंच विचारतो: हॉस्पिटलच्या वॉर्डात अखेरच्या घटका मोजणाऱ्या अनोळखी माणसाला तुम्ही 'ये, तुलाही बोलावणं आहे' असं सांगाल ना? बहुतेक जण हो म्हणतात. मग पित्याच्या मनात काय होतं, यावर आम्ही बायबल उघडून खुशाल वाद घालतो.