यमुना

आज गुहागरात चुलतभावाच्या मुलीचं बारसं. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, आत्यानं कानात कुर्र केलं आणि नाव जाहीर झालं: मायरा. घुगऱ्या वाटता वाटता आजीनं तीनदा विचारलं, "काय गो, मायेरा? म्हंजे काय?" कुणालाच धड सांगता येईना.

मग ती मागल्या पडवीत आमसुलं परतायला गेली, मी मागोमाग. रसानं काळवंडलेल्या बोटांनी एकेक सोल उलटत म्हणाली, "माझं माहेरचं नाव यमुना. तुझ्या आजोबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं सरस्वती लिहिलं. संपली यमुना."

चाळीस वर्षांत हे मला ठाऊकच नव्हतं!

यमुना म्हणजे सूर्याची लेक, यमाची जुळी बहीण. ‘यम’चा एक अर्थच मुळी जुळा. भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतात ती हिच्यामुळेच. एकेकाळी घरोघर एखादी यमू असायचीच. १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही यमुनाच. दोघींचंही नाव लग्नात पुसलं गेलं. आता बारशाच्या यादीत ते नाव येत नाही. यमाची आठवण नको, असं काहींना वाटत असावं. (गंमत म्हणजे उत्तरेतल्या नद्या आम्ही पोरींना दिल्या, पण दारातल्या वाशिष्ठीचं नाव ठेवलेली एकही मुलगी मी पाहिलेली नाही.)

निघताना मी मुद्दाम हाक मारली, "यमू, येतो गं!"

आजीनं आधी मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारली ते. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की आमसुलांचं सूप कलंडलं.