दोन बिघे आणि एक कोयता

दिवाळी सरली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्याला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आमच्या बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लेकरं आजी-आजोबांपाशी, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. मी तिथला शिक्षक. दिवस निघून जातो, पण अंधार पडला की बारकी पोरं आईच्या आठवणीनं रडकुंडीला येतात. म्हणून शनिवारी भिंतीवर सिनेमा लावतो.

त्या शनिवारी 'दो बिघा जमीन' लावला. चौथीतल्या एका पोराचे आजोबा जेवणाचा डबा घेऊन आले होते, तेही दाराशी टेकले. आबांनी उभी हयात ऊस तोडला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, त्यानं मान कायमची एका अंगाला कललेली.

थोड्या वेळानं म्हणाले, "गुरुजी, ह्यो मानूस वळखीचा वाटतोय. जत्रंत तंबूत 'वक्त' बघितला व्हता. बायकूसाठी गानं म्हननारा लालाजी, त्यो तर न्हाई?"

"तेच आबा. बलराज साहनी."

"न्हाई वो. ह्यो गडी खराच वझं वढणारा हाय. पाय बगा की त्याचं."

मी तो सिनेमा चार-पाचदा पाहिलेला, पण पायांकडे कधी बघितलं नव्हतं. अनवाणी पाय, रिक्षाचा दांडा धरून पुढं झुकलेलं अंग, आणि रिक्षा खाली ठेवल्यावरही न सुटलेला खांद्यांचा ताण.

तेवढ्यात लाइट गेली. पोरं गलका करायला लागली, म्हणून अंधारातच मी त्या माणसाची गोष्ट सांगितली. रावळपिंडीच्या सुखवस्तू घरातला, लाहोरला इंग्रजीत एमए केलेला. शांतिनिकेतनात शिकवलं, लंडनला बीबीसीत काम केलं. पुढं 'इप्टा' या नाट्यसंस्थेच्या नाटकांतून सिनेमात आला. १९५३ साली आलेल्या या सिनेमात दिग्दर्शक बिमल रॉय यांनी त्याला शंभू नावाचा शेतकरी केलं तेव्हा वय चाळिशीला टेकलेलं. अशा साहेबी माणसाला शेतकरी कसा जमायचा? तो जोगेश्वरीला उत्तरेकडच्या गवळ्यांच्या वस्तीत जाऊन बसायचा, त्यांचं खाणं-पिणं, उठणं-बसणं बघायचा. कलकत्त्यात रिक्षा ओढायला शिकला. तिथं एका रिक्षावाल्याला सिनेमाची गोष्ट सांगितली, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बिहारमधली त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडं अडकली होती. साहनींनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

"मंग बराबर," आबा अंधारातनं म्हणाले.

लोक म्हणतात, साहनी आधी नायक होते, पुढं 'वक्त', 'दो रास्ते'मध्ये बाप आणि थोरला भाऊ म्हणून चरित्र भूमिकांकडं वळले. मला हे पटत नाही. ते पहिल्यापासून माणूसच उभा करत होते. तो पोस्टरवर मधे आहे की कडेला, याचा हिशेब त्यांनी केलेला दिसत नाही. 'गर्म हवा'मधला आग्र्याचा सलीम मिर्झा बघा. फाळणीनंतर एकेक नातलग निघून जातो, राहतं घर सुटतं, पोटची पोर जाते, आणि हा माणूस आवाजसुद्धा चढवत नाही. तो चेहरा कितीतरी रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. 'गर्म हवा'चं डबिंग संपवलं आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ ला ते गेले.

लाइट आली, सिनेमा पुढं सरकला. जास्त पैशांच्या आशेनं शंभू रिक्षा पळवतो, चाक निखळतं, तेव्हा पोरं एकदम गप्प झाली. शेवटी आपल्याच जमिनीतली मूठभर माती तो उचलतो, तर कुंपणाआतला रखवालदार तीही टाकायला लावतो. आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले.

रविवारी सकाळी ते परत आले. कोपरीच्या खिशातून घडी पडून पडून मऊ झालेली चिठ्ठी काढली. तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमानं लिहून दिलेली, पोरानं आगाऊ घेतलेल्या पैशांची, म्हणजे उचलीची.

"सिनेमात जमीनदारानं पासष्ट रुपयांच्या कर्जाचं दोनशे पस्तीस केलं ना, गुरुजी," म्हणाले. "येवढं जरा वाचून दाखवा. बेरीज नीट करा."

मी चष्मा लावला, पाटी-पेन्सिल मागवली, आणि आम्ही दोघं ओसरीवर आकडा-आकडा करत बसलो.