तीन वर्षं एकच विश्वविजेता

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये मनिलाला डॅरिल पीचनं रॉबर्टो गोमेझला १७-१५ असं हरवलं आणि तो पूल या टेबलावरच्या खेळातल्या नाइन-बॉल प्रकाराचा विश्वविजेता झाला. पुढचा विश्वविजेता मिळायला २०१० साल उजाडावं लागलं. २००८ मध्ये स्पर्धा झाली नाही आणि २००९ मध्येही झाली नाही. टेन-बॉल या दुसऱ्या प्रकाराची जागतिक स्पर्धा त्या दोन्ही वर्षी झाली, हे खरं. पण पूलमध्ये 'वर्ल्ड चॅम्पियन' म्हटलं की नाइन-बॉलचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि तीच गाडी दोन वर्षं उभी राहिली.

मी तेव्हा नुकताच क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, हातात घेतला होता. यंदाची स्पर्धा कधी, असं ज्याला त्याला विचारत होते आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. खेळाची जागतिक संघटना असताना जागतिक स्पर्धाच होत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आजही शिरत नाही.

त्या दोन वर्षांचा विषय निघाला की मला फिलिपिन्सचा खेळाडू फ्रान्सिस्को बुस्तामांते आठवतो. २००२ मध्ये कार्डिफला स्पर्धा चालू असताना त्याची तान्ही मुलगी गेली. तो तरीही खेळला, फायनलपर्यंत पोचला आणि अर्ल स्ट्रिकलंडकडून १७-१५ असा हरला. शेवटी २०१० मध्ये दोहाला त्यानं ते विजेतेपद मिळवलं, वयाच्या ४६ व्या वर्षी. मी त्या दिवशी रडले होते. पण ४४ आणि ४५ व्या वर्षी त्याला त्या स्पर्धेच्या टेबलापाशी उभं राहण्याचीसुद्धा संधी मिळाली नाही, ही गोष्ट मनातून जात नाही. उतरत्या वयातल्या खेळाडूची दोन वर्षं म्हणजे काय, हे खेळणाऱ्यालाच कळतं.

एट-बॉल या तिसऱ्या प्रकाराची कथा याहून वाईट. २०१२ मध्ये चँग जुंग-लिन जिंकला आणि त्यानंतरची जागतिक स्पर्धा थेट २०२२ मध्ये झाली. दहा वर्षं! जगात सगळ्यात जास्त लोक खेळतात तो पूलचा हा प्रकार.

खेळाची जागतिक संघटना वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूपीए, पैसा कमी असल्यामुळे स्पर्धा घेऊ शकली नसेल, तर मी समजून घेईन. पूलमध्ये पैसा कधीच मुबलक नव्हता. पण मग दुसरं कुणी पुढे आलं की त्याची वाट तरी अडवू नये. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हनोई ओपन झाली, स्पर्धा भरवणाऱ्या मॅचरूम या खाजगी कंपनीची. तिला संघटनेची मान्यता नव्हती, म्हणून तिथे खेळलेल्या आशियाई खेळाडूंवर आशियाच्या महासंघानं बंदी घातली. वाद मान्यतेचा आणि कॅलेंडरचा, दोन कार्यालयांमधला. शिक्षा मात्र स्वतःच्या खिशातून तिकीट काढून गेलेल्या खेळाडूला. संघटनेला स्वतः स्पर्धा भरवता येत नाही, बक्षिसाची हमी देता येत नाही, आणि हातात एवढं एकच हत्यार उरलंय, तेही खेळाडूवरच चालणारं.

फेडर गोर्स्टचे आकडे बघा. २०१९ मध्ये दोहाला तो विश्वविजेता झाला तेव्हा त्याला ३०,००० डॉलर मिळाले. २०२४ मध्ये जेद्दाहला तेच विजेतेपद त्यानं एकलेंट काचीला १५-१४ असं हरवून पुन्हा मिळवलं, आणि मिळाले २,५०,००० डॉलर. खेळाडू तोच, किताब तोच. मधल्या काळात ही स्पर्धा मॅचरूमनं चालवायला घेतली होती.

तरी सगळं एका खाजगी कंपनीच्या हाती जावं असं मला वाटत नाही. कंपनीला उद्या नफा दिसला नाही तर ती निघून जाईल, आणि जायचा तिला हक्कही आहे. म्हणूनच संघटना हवी, पण खेळाडूंची. स्नूकरमध्ये २०१० साली मॅचरूमचेच संस्थापक बॅरी हर्न यांच्या हाती व्यावसायिक कारभार द्यायचा की नाही यावर खेळाडूंनी स्वतः मतदान केलं होतं. ३५ विरुद्ध २९. निसटता निकाल, पण तो खेळाडूंचा होता. डब्ल्यूपीएचे सभासद खंडाखंडांचे महासंघ आहेत. ज्याच्या पोटावर पाय येतो त्याच्या हातात मतपत्रिका नाही.

मी हौशी स्पर्धांमध्ये रेफरी म्हणून उभी राहते, त्यामुळे हा गोंधळ माझ्या टेबलापर्यंत येतो. मी रॅक लावायला, म्हणजे सुरुवातीला त्रिकोणात बॉल मांडायला, शिकले तो एक नंबरचा बॉल स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवून. रॅक घट्ट बसला की ब्रेकला, म्हणजे पहिल्या फटक्याला, त्यात बाजूच्या कोपऱ्यातला विंग बॉल जवळजवळ हमखास पॉकेटमध्ये जातो. म्हणून मोठ्या स्पर्धांत नऊ नंबरचा बॉल स्पॉटवर ठेवायला लागले आणि ब्रेक ठरलेल्या चौकटीतूनच मारायचा असं झालं. बदल चांगलाच आहे, ब्रेक पुन्हा कौशल्याचा झाला. पण कुठल्या स्पर्धेत कुठली पद्धत, आणि ब्रेक जिंकणाऱ्याचा की आळीपाळीनं, हे आयोजक ज्याचं त्याचं ठरवतो. मागच्या स्पर्धेत एका सोळा वर्षांच्या मुलीनं पहिला रॅक लावण्याआधी मला विचारलं, "ताई, खरा नियम कुठला?" मी तिला त्या दिवसाचा नियम सांगितला. तिनं मान हलवली, त्रिकोण थोडा पुढे सरकवला आणि नऊ नंबरचा बॉल स्पॉटवर आणला. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.