रोड रॅश परत आणा राव!

आज ऑफिसात डबा खाताना विषय निघाला, कोणता जुना गेम परत यायला हवा. मी म्हटलं, रोड रॅश! तिशीपुढचे सगळे एकदम "अरे हो!", आणि नवीन जॉइन झालेल्या दोघी म्हणे "ते काय असतं?"

काय सांगणार! मारामारीवाली बाइक रेस ती. पहिला आला 1991 साली, सेगाच्या कन्सोलवर. पण आपल्याकडे सगळ्यांनी खेळला तो कॉम्प्युटरवरचा, 1996चा. कॅलिफोर्नियातले रस्ते, सिएरा नेवाडाचे घाट आणि शेजारच्या बाइकवाल्याला लाथ घालायची पूर्ण मुभा. खरी मजा हत्यार हिसकावण्यात. त्याने दंडुका उगारला की नेमका तेव्हाच ठोसा हाणायचा, दंडुका आपल्या हातात! टायमिंग चुकलं की आपण रस्त्यावर लोळण. मग उठून धावत धावत बाइक गाठायची, तोवर मागून पोलीस हजर. (साउंडगार्डन या अमेरिकन रॉक बँडची गाणी मी पहिल्यांदा ऐकली तीही याच गेममध्ये.)

2000 साली प्लेस्टेशनवर 'रोड रॅश: जेलब्रेक' आला, पुढे त्याचीच गेमबॉयवर छोटी आवृत्ती, आणि मग सामसूम. हा गेम काढणारे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सवाले फुटबॉलचा गेम दरवर्षी काढतात, हा मात्र माळ्यावर टाकलाय. 2017चा रोड रिडेम्प्शन त्याच जातकुळीतला, बराय, पण तहान काही भागत नाही.

नवा काढलाच तर वाट्टेल तिकडे भटकायचं ओपन वर्ल्ड वगैरे नको हां. पाच रस्ते, हाणायला एक साखळी, बास.

तुमचा रायडर कोण होता? अ‍ॅक्सल म्हणणाऱ्यांशी मी बोलणार नाही.