लिटरमागे एक रुपया चाळीस पैसे

पेट्रोलच्या एका लिटरवर केंद्राचा कर किती, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यातला किती भाग राज्यांना वाटून द्यावा लागतो, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. केंद्र आणि राज्यं यांच्यातला तोल कुठे ढळतोय हे कळायचं असेल, तर या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी.

८ एप्रिल २०२५ला केंद्राने उत्पादन शुल्क दोन रुपयांनी वाढवलं आणि एका लिटर पेट्रोलवरचं शुल्क २१ रुपये ९० पैसे झालं. त्याची फोड अशी: मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क १३ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५ रुपये आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर २ रुपये ५० पैसे. राज्यांच्या वाटपात जातो तो फक्त पहिला आकडा. उरलेले साडेवीस रुपये पूर्ण केंद्राचे.

आता १ रुपया ४० पैशांचं पुढे काय होतं ते पाहू. केंद्राच्या करांची राज्यांशी वाटणी सुचवणाऱ्या १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६साठी राज्यांचा एकत्रित वाटा ४१ टक्के ठरवला, म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून ५७ पैसे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा होता ६.३१७ टक्के, म्हणजे साधारण साडेतीन पैसे. गोव्याचा हिस्सा होता ०.३८६ टक्के, तिथे पाव पैसाही येत नव्हता.

यात बेकायदा काहीच नाही. राज्यघटनेचं कलम २७० सांगतं की केंद्राच्या करांचं उत्पन्न राज्यांबरोबर वाटायचं, पण उपकर (ठरावीक कामासाठी घेतलेला कर) आणि अधिभार (करावर लावलेला जादा कर) त्यातून वगळून. अधिभार लावण्याचा अधिकार कलम २७१ देतं. २००० सालच्या ८०व्या घटनादुरुस्तीने केंद्राचे जवळपास सगळे कर वाटपाखाली आणले. राज्यांच्या दृष्टीने ते मोठं पाऊल होतं, पण उपकर-अधिभाराची खिडकी उघडीच राहिली. पुढे १४व्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून एकदम ४२ टक्क्यांवर नेला, तेव्हा त्या खिडकीचं महत्त्व फार वाढलं. वाटपात जाणाऱ्या रुपयातले ४२ पैसे द्यावे लागणार आणि वाटपाबाहेरच्या रुपयातलं काहीच द्यावं लागणार नाही, असं असेल तर कोणत्याही अर्थमंत्र्याचा हात दुसऱ्या रुपयाकडेच जाईल. हा पक्षाचा प्रश्न नाही, रचनेचा आहे.

खातेबदल कसा होतो याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात सापडतं. त्याआधी पेट्रोलवर मूळ शुल्क २ रुपये ९८ पैसे, विशेष अतिरिक्त शुल्क १२ रुपये आणि रस्ते उपकर १८ रुपये होता. एकूण ३२ रुपये ९८ पैसे. अर्थसंकल्पात अडीच रुपयांचा नवा कृषी उपकर आला. ग्राहकावर बोजा पडू नये म्हणून मूळ शुल्क १ रुपया ४० पैशांवर आणि विशेष शुल्क ११ रुपयांवर आणलं. एकूण झालं ३२ रुपये ९० पैसे. पंपावर फरक जवळपास शून्य. राज्यांचा एकत्रित वाटा मात्र लिटरमागे १ रुपया २२ पैशांवरून ५७ पैशांवर आला, एका रात्रीत निम्म्याहून कमी. दर वाढला असता तर ओरड झाली असती. इथे दर जवळपास तसाच राहिला आणि फक्त नाव बदललं, त्यामुळे तशी ओरड झाली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचा कर अनुक्रमे ५ आणि ८ रुपयांनी कमी केला, तेव्हा कपात रस्ते उपकरात केली: १८वरून १३, १३वरून ५. उपकर केंद्राचा असल्याने या कपातीतून राज्यांच्या वाटपाचा एक पैसाही गेला नाही.

राज्यांना झळ बसली ती व्हॅटच्या, म्हणजे इंधनावर राज्यं स्वतः लावतात त्या विक्रीकराच्या, वाटेने, आणि खरा पेच इथेच आहे. महाराष्ट्रात जुलै २०२४च्या बदलानंतर पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा दर झाला. हा २५ टक्के व्हॅट उत्पादन शुल्क धरून निघालेल्या किमतीवर लागतो. म्हणजे केंद्राच्या एप्रिल २०२५मधल्या २१ रुपये ९० पैशांवर राज्याला सुमारे साडेपाच रुपये मिळत होते. वाटपातून साडेतीन पैसे, करावरच्या करातून साडेपाच रुपये! केंद्राच्या उपकरावर राज्यं बोलतात, पण शेवटपर्यंत लढत नाहीत, याचं एक कारण या हिशेबात आहे असं आमचं मत आहे. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायला राज्यं तयार होत नाहीत, त्याचंही. स्वतः दर ठरवता येईल असे मोठे कर त्यांच्या हातात फार उरलेले नाहीत: इंधनावरचा व्हॅट, मद्यावरचा कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर.

बाकीचं १ जुलै २०१७ला जीएसटीत गेलं. जीएसटीचे दर सुचवणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला हजर सदस्यांच्या वजनाच्या तीन चतुर्थांश मतं लागतात. दिल्ली, पुद्दुचेरी आणि जम्मू-काश्मीर धरून सदस्य ३१. प्रत्येकाच्या मताचं वजन सुमारे २.१५ टक्के. म्हणजे केंद्र एकटं कोणताही ठराव अडवू शकतं. राज्यांना अडवायचा असेल तर सगळे हजर असताना किमान १२ जणांनी एकत्र यावं लागतं. आणि सगळी राज्यं एका बाजूला उभी राहिली, तरी केंद्राशिवाय ठराव मंजूर होत नाही. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या मताचं वजन तर सारखंच आहे. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२च्या मोहित मिनरल्स निकालात म्हटलं. पण एखाद्या राज्याने वेगळा दर लावला तर आंतरराज्य व्यापाराचा आणि इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा, गुंता होईल. त्यामुळे निकालानंतरही व्यवहार जुन्याच वाटेने चालला आहे.

जीएसटीच्या बदल्यात राज्यांना पाच वर्षं, २०१५-१६च्या महसुलावर वर्षाला १४ टक्के वाढ धरून, भरपाईची हमी होती. कोविडमध्ये या भरपाईसाठी लावलेला उपकर पुरला नाही, तेव्हा केंद्राने दोन वर्षांत मिळून २ लाख ६९ हजार कोटी कर्ज काढून राज्यांना दिले आणि ते फेडण्यासाठी उपकराची मुदत मार्च २०२६पर्यंत वाढवली. राज्यांची हमी मात्र ३० जून २०२२लाच संपली.

उपकराबद्दल आणखी एक तक्रार आहे, आणि ती आम्हाला जास्त गंभीर वाटते. उपकर विशिष्ट कामासाठी घेतला जातो, म्हणूनच तो वाटपाबाहेर ठेवण्याला आधार आहे. पण कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०१८-१९च्या हिशेबात नोंदवलं की ३५ उपकरांतून सुमारे २ लाख ७४ हजार कोटी जमा झाले आणि त्या-त्या राखीव निधीत पोहोचले १ लाख ६४ हजार कोटीच. उरलेले केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीत राहिले. पैसा ठरलेल्या कामाच्या निधीत जाणार नसेल, तर तो राज्यांशी वाटून का घेऊ नये?

सगळ्याचा एकत्रित परिणाम असा: २०२३-२४ मध्ये केंद्राचा ढोबळ करमहसूल ३४.६५ लाख कोटी होता आणि राज्यांना वाटले गेले ११.२९ लाख कोटी. म्हणजे ३२.६ टक्के, ४१ नव्हे. मधल्या फरकाचा मोठा भाग उपकर आणि अधिभाराचा.

म्हणून १६व्या वित्त आयोगापुढे बहुतेक राज्यांनी ४१ऐवजी ५० टक्के मागितले, तेव्हा ती मागणी रास्त असूनही अपुरी होती. एक रुपया चाळीस पैशांचे ५० टक्के म्हणजे ७० पैसे. वाढ १३ पैशांची. त्यापेक्षा साडेवीस रुपयांतला फक्त एक रुपया वाटपात आणला, तर ४१ टक्क्यांनीच राज्यांना ४१ पैसे जास्त मिळतात. भांडण टक्क्यावर नको, टक्का कशाचा यावर हवं. उपकराला कालमर्यादा आणि एकूण करमहसुलातल्या उपकर-अधिभाराच्या प्रमाणाला कमाल मर्यादा, या दोन गोष्टींसाठी राज्यांनी पक्ष विसरून एकत्र यायला हवं.

तसं करताना राज्यांना आपल्या महापालिकांकडेही पाहावं लागेल. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, हा मुंबई महापालिकेचा स्वतःचा, रोज हातात येणारा कर होता. तो जीएसटीबरोबर गेला आणि त्या जागी राज्याकडून दरमहा येणारी भरपाई आली. दिल्लीकडे हात पसरणं राज्याला जेवढं जाचतं, तेवढंच मंत्रालयाकडे हात पसरणं महापालिकेला जाचतं.

ज्यांना हे स्वतः तपासायचं आहे, त्यांनी केंद्राच्या अर्थसंकल्पातलं ‘रिसीट बजेट’ उघडावं. करमहसुलाच्या तक्त्यात मूळ कर, अधिभार आणि उपकर वेगळ्या ओळींत दिलेले असतात, आणि राज्यनिहाय वाटपाचं परिशिष्टही तिथेच असतं. मधल्या काळात शुल्क बदललं, तर अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेत बदल कोणत्या शुल्कात झाला ते पाहावं. एप्रिल २०२५चे ते दोन रुपये विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्कात गेले. मूळ शुल्क होतं तिथेच राहिलं, एक रुपया चाळीस पैशांवर.