टोपलीतले बोळे

मंगळवार, रात्री

आजही टोपलीत कागदाचे बोळे. सगळे ट्रे दोनचे. कुणीतरी दार उघडलं, कागद ओढला, चुरगाळून टाकला आणि परत हिरवं बटण दाबलं. झेरॉक्स मशीन जुनं आहे, कागद अडकणारच. पण अडकलेला कागद नेमका कुठे थांबला होता, हे बघावंसं कुणालाच वाटू नये?

बोळा उलगडला की बरंच कळतं. एकावर छपाईचा ठिपकासुद्धा नव्हता, नुसता पुढच्या कडेला रोलर घसरल्याचा काळपट डाग. म्हणजे ट्रेमधून उचलतानाच घोटाळा. कागदाची भुकटी बसून कागद उचलणाऱ्या पिकअप रोलरचं रबर गुळगुळीत होतं. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसलं की काही दिवस पकड येते, पॉलिश पेपरने हलकं घासलं की अजून थोडे. पण रबर कडक झालं की बदलायलाच हवं, आणि तेही पिकअप, कागद पुढे नेणारा फीड, एका वेळी एकच कागद सोडणारा सेपरेशन असे तिन्ही रोलर एकदम. एकटा पिकअप नवा घातला तर तो कागद जोमाने पुढे ढकलतो, आणि झिजलेल्या सेपरेशन रोलरला मागचा कागद रोखता येत नाही. दोन-दोन कागद एकत्र आत जातात. सध्या तेच चाललंय. मंजूर एकच रोलर झाला होता, आणि तेव्हा साहेबांना... असो.

दुसऱ्या बोळ्याला बारीक चुण्या पडलेल्या. छपाई पूर्ण, बोटाने घासलं तरी अक्षर पुसलं जात नव्हतं. म्हणजे टोनर, म्हणजे शाईची पूड, तापवून कागदावर पक्की करणाऱ्या फ्यूजरची उष्णता ठीक, कागद बाहेर पडताना अडकला. फ्यूजरच्या हॉट रोलरपासून कागद सोडवणाऱ्या पिकर फिंगरच्या टोकांवर टोनर वितळून त्याचे खडे होतात, तिथेच कागदाचं टोक अडतं. मशीन बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच हात लावायचा. अक्षरं पुसली गेली असती तर हीटर, तापमान मोजणारा थर्मिस्टर किंवा कागद दाबणारा प्रेशर रोलर तपासावा लागला असता.

दोन कागद, दोन वेगळे बिघाड, आणि मेकॅनिकला फोनवर सांगितलं जातं ते एवढंच: ‘पेपर जॅम होतोय.’ तो येतो, दोन कोऱ्या प्रती काढतो, त्या नीट निघतात, तो जातो. दुपारी परत माझ्याच नावाने हाका. पुरावा टोपलीत घालायचा सगळ्यांनी आणि उत्तर द्यायचं मी. दमायला होतं याने.

काळ्या ठिपक्यांचंही तेच. ठिपका ठरावीक अंतराने येत असेल तर पट्टीने मोजावं. ९४ मिमीच्या आसपास असेल तर ज्यावर आधी प्रतिमा उमटते तो ३० मिमी व्यासाचा ड्रम, १२६च्या आसपास असेल तर ४० मिमीचा फ्यूजर रोलर. रोलरचा परीघ आणि ते अंतर एकच. मूळ कागद आपोआप ओढणाऱ्या फीडरमधूनच उभी रेघ येते आणि काचेवर ठेवून येत नाही, तर बाजूच्या अरुंद काचपट्टीवर कण चिकटलाय. ड्रम बदलायची गरज नसते.

आणि कागद उलटा खेचू नये हो! त्याची वाट ज्या दिशेने आहे त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश. फाटला तर नखाएवढा कपटा सेन्सरच्या पात्याखाली राहतो, आणि आत कागद नसताना मशीन जॅम दाखवत बसतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. निम्मा दोष या हवेचाच आहे. पावसाळ्यात उघडं रीम ओल धरतं, कडांना लाटा येतात. शुक्रवारी संध्याकाळी ट्रेमध्ये राहिलेला कागद सोमवारी सकाळी हमखास अडकतो. तो काढून मूळ वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवायचा, जमिनीवर नाही. एवढं माझ्या हातात आहे. बाकीच्यांनी मशीनमध्ये डोकं घालावं ही अपेक्षा कदाचित जास्तच. त्यांच्यापुढे खिडकीवर माणसं उभी असतात.

मशीनशेजारी एक रिकामं खोकं ठेवते: अडकलेला कागद यात टाका, मागे ट्रे नंबर लिहा. बोळा केला तरी चालेल.

नवं मागणीपत्र तयार आहे. तिन्ही रोलर वेगवेगळे न लिहिता एक संच म्हणून एकाच ओळीत लिहिलेत, म्हणजे त्यातला एकच मंजूर करता येणार नाही.